बोर्ड क्रमांक सत्तेचाळीस

मुलुंडच्या लग्नाच्या हॉलमध्ये भरायची स्पर्धा.
पडद्यांत आदल्या रात्रीच्या मसालेभाताचा वास.
स्टेजवर, नवरानवरीच्या जागी, पहिले दहा पट.
बाकीचे खाली, पंख्यांच्या हिशेबाने.
मी पंच. म्हणजे बँकेतून रजा काढून
दोनशे माणसांच्या गप्प बसण्यावर
लक्ष ठेवणारा.

पहिल्यांदा आला तेव्हा फॉर्मवर आडनाव: सखाराम.
म्हटलं, हे नाव झालं. आडनाव?
हसला. हेच.
बोटीतून उतरलेल्या कुणा सखारामाला
धक्क्यावरच्या साहेबाने पुढचं विचारलंच नसणार.
धनराज सखाराम, मॉरिशस.
कस्टममध्ये कारकून, देशाचा चॅम्पियन.
किती वेळा?
पाच. आणि मग, न विचारता:
खेळणारे आम्ही सगळे मिळून तीस.

परदेशी पाहुण्यापुढे झेंडा हवा, असा नियम.
त्याचा झेंडा दुकानात मिळेना.
बायकोने ब्लाउजपिसांच्या पट्ट्या जोडून शिवला,
लाल, निळा, पिवळा, हिरवा.
सतरा वर्षं तो माझ्या पेटीत राहिला
जादाच्या वजिरांबरोबर.

तेवीसशे रेटिंग झालं की किताब.
एकदा बावीसशे सत्त्याऐंशीपर्यंत पोचला,
मग दोन वर्षं घरी कुणी खेळायलाच नाही,
आणि पुढे मुलीचं लग्न, गुडघा, बढती.
दर मे महिन्यात मात्र साठवलेली रजा घेऊन इथे,
बोर्ड सत्तेचाळीसच्या आसपास,
खांबाजवळ, जिथे एसी पोचत नाही.

चाली फ्रेंचमध्ये लिहायचा.
एफ म्हणजे काय, मी विचारलं.
फू. वेडा.
अहो, तो उंट.
आमच्याकडे वेडा.
मग वडापाव खाताना मी त्याला
उंटावरच्या शहाण्याची गोष्ट सांगितली,
रांजणात डोकं अडकलेल्या वासरासकट.
तो अवघड डावात घ्यायचा तेवढाच वेळ घेऊन म्हणाला,
पण त्याला बोलावलं कुणी?

वेळ संपत आली की ओठ हलायचे.
मला वाटायचं, देवाचं नाव घेतो.
एकदा मागे उभा राहिलो तर
सदतीस, अडतीस,
आणि एकोणचाळीसला अडखळून पुन्हा सदतीस.
संध्याकाळच्या शाळेत शंभरपर्यंत शिकवलं होतं म्हणे,
त्यातले एकोण कधीच बसले नाहीत.

शेवटच्या वर्षी तो स्टेजवर आला.
नवव्या पटावर, ब्लाउजपिसांच्या झेंड्याशेजारी,
इस्त्रीचा कोट, खाली चपला.
समोर ऊर्वी तांडेल, कन्नमवारनगर, वय अकरा,
पाय जमिनीला न टेकणारे, एकात एक अडकवलेले.
चाळिसाव्या चालीला तिने बरोबरी विचारली.
त्याला जिंकायलाच हवं होतं.
मान हलवली, नाही.
उंट घेतला, पुन्हा ठेवला तिथेच ठेवावा लागला,
हात लावला म्हणजे खेळायचाच,
हे मलाच सांगावं लागलं.
असले नियम पंचाच्या तोंडी का असतात
ते नियम करणाऱ्यांना ठाऊक.
एकोणसाठीपर्यंत मोजून तो थांबला नाही.
घड्याळानेच थांबवलं.

सॉरी अंकल, ती म्हणाली.
सॉरी कशाला, बघ, आणि त्याने सोंगट्या पुन्हा मांडल्या,
इथे तू हरली होतीस.
कुठे? इथे? मग मी हत्ती असा.
असा? मग माझा वेडा असा.
ती खदखदून हसली, वेडा काय!

हॉल रिकामा होत गेला.
तिची आई दाराशी टिफिन घेऊन.
वरातीचे लोक शेवंतीच्या माळा खांबांना बांधायला लागले,
एकाने झेंडा बाजूला सरकवून
तिथे समई ठेवली.
मॅनेजरने कोटाकडे बघून अदबीने विचारलं,
साहेब, आपण कुणाकडचे?
मुलाकडचे, की मुलीकडचे?

पटावरून मान वर न करता
तो स्वच्छ मराठीत म्हणाला,
काळ्यांकडचा.